‘ध चा मा’ची केस पुन्हा उघडली तर कुणाला बोलवाल?

गंगापूर रोडवरच्या एका चहाच्या टपरीवर आमचा एक जुना खेळ चालतो. प्रश्न एकच असतो. समजा, तुमच्या ओळखीत एक खून झाला आणि तपासाला टीव्हीवरचा कुठलाही डिटेक्टिव्ह बोलवायची मुभा आहे. कुणाला बोलवाल?

उत्तरांवरून माणसाचं वय कळतं. ज्यांचं बालपण नव्वदच्या आसपास गेलं, ते गाजर चघळणाऱ्या करमचंदचं नाव घेतात. त्यांच्याहून थोडे लहान असलेले एसीपी प्रद्युम्नशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकून घेत नाहीत. कॉलेजातली पोरं बेनेडिक्ट कंबरबॅचचा शेरलॉक म्हणतात. एखादी मैत्रीण झी मराठीवरच्या अस्मिताला पुढे करते. मग भांडण सुरू होतं आणि चहाचा दुसरा राउंड येतो.

मागच्या खेपेला एकाने खेळात खोडा घातला. तो म्हणाला, “उगाच काल्पनिक खून कशाला? आपल्या रस्त्यावरचीच केस घ्या ना.” आम्ही विचारलं, कुठली? त्याने आनंदवलीच्या दिशेने हात केला. “ध चा मा.”

एकदम शांतता. कारण ही केस आम्ही सगळे चौथीपासून बंद समजत होतो. खून कुणाचा, कुणी केला, कुणी करवला, सगळं पाठ. कागदावर ‘धरावे’ होतं, बाईने ‘मारावे’ केलं, संपलं. पण तपासाच्या नजरेने ही फाइल उघडली, की पहिल्याच पानावर अडखळायला होतं. हा लेख त्या अडखळण्याबद्दल आहे.

घटनास्थळ

आधी केस समजून घेऊ. तारीख ३० ऑगस्ट १७७३, वार सोमवार. गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी अगदी तोंडावर. ठिकाण पुण्याचा शनिवारवाडा. मयत इसम नारायणराव पेशवे, वय अवघं अठरा. आजच्या हिशेबाने नुकतंच मतदार यादीत नाव लागलेला मुलगा.

थोरले भाऊ माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले आणि पेशवेपद नारायणरावांकडे आलं. घरात एक काका होते, रघुनाथराव उर्फ राघोबादादा. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या त्या मोहिमेचे हे सेनापती. पेशवाई आपल्याला मिळायला हवी होती, ही त्यांची सल जुनी होती. तिच्यासाठी ते माधवरावांशीही लढले. १७६८ साली आपल्याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्याजवळ पुतण्याने काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. माधवरावांच्या अखेरच्या आजारपणात समेट झाला. पण नारायणराव गादीवर आल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल १७७३ मध्ये, काका पुन्हा कैदेत गेले. म्हणजे ज्या वाड्यात पेशवा राहत होता, त्याच वाड्यात त्याचा सगळ्यात मोठा दावेदार कोंडलेला होता.

त्या सोमवारी सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते. काहीतरी शिजतंय याची कुणकुण त्यांना लागली होती. परतल्यावर त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांना जेवणाचं आमंत्रण होतं. आधी जेवण, मग बंदोबस्त, असं त्यांनी ठरवलं. इतिहासात असे किती जीव पंगतीपायी गेले असतील कोण जाणे.

दुपारी गारदी वाड्यात घुसले. गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेलं पगारी पायदळ. पगार थकल्याची ओरड हे निमित्त. पुढे होते सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद यूसुफ. सोबत तुळाजी पवार नावाचा वाड्यातलाच नोकर. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारली. तिथेच त्यांना कापून काढलं. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला आडवा पडला, तोही गेला. अर्ध्या तासात नारायणरावांसह अकरा माणसं मेली. त्यात दोन दासी होत्या.

त्या रात्रीच अंत्यसंस्कार उरकले गेले. सकाळ झाली तेव्हा काका कैदी राहिले नव्हते. ते पेशवे होते.

उमेदवारांच्या मुलाखती

आता बोलवू या एकेकाला.

पहिला मान एसीपी प्रद्युम्नचा, कारण तो आपला माणूस. शिवाजी साटम हे मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासून पोलिसांच्या भूमिकेत दिसले. त्याच बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ १९९८ साली सोनीवर सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. या पथकाची ताकद दोन गोष्टींत आहे, दयाचा खांदा आणि डॉक्टर साळुंखेंची प्रयोगशाळा. इथे दयाला काम नाही. दरवाजे आधीच उघडले गेलेत आणि उघडणारे आतले आहेत. साळुंखेंना तर काहीच काम नाही. रात्रीत चिता पेटली, प्रेत हाती नाही. रक्त आहे, पण ते कुणाच्या तलवारीने सांडलं हे सगळ्यांना माहीत आहे. सीआयडीचं पथक संध्याकाळपर्यंत चौघांना पकडेल आणि श्रेयनामावली सुरू होईल. पण ते चौघे म्हणजे हात. हातांमागचं डोकं कुठे आहे?

मग हर्क्युल पॉयरो. डेव्हिड सूशेने १९८९ ते २०१३ अशी चोवीस वर्षं त्याची मिशी सांभाळली. तो सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात जमवेल आणि एकेकाच्या पोटातलं काढेल. पण इथे त्या दिवाणखान्याचा मालकच संशयित आहे. पॉयरोच्या कथांत शेवटी पोलीस येतात आणि गुन्हेगाराला घेऊन जातात. शनिवारवाड्यात कुठले पोलीस येणार? कोतवाल, फौज, खजिना, सगळं त्या सकाळपासून राघोबांच्या शब्दावर चालतं.

करमचंद तिसरा. १९८५ साली पंकज कपूरने हा डिटेक्टिव्ह दूरदर्शनवर आणला, काळा चष्मा, गाजर आणि सोबत किटी. करमचंद चटकन फायदा कुणाचा ते बघतो. हा प्रश्न कामाचा आहे. जपून ठेवू, पुढे लागेल.

चौथा कोलंबो. पीटर फॉकचा चुरगळलेला रेनकोट घातलेला हा अमेरिकन पोलीस सत्तरच्या दशकात गाजला. त्याच्या मालिकेची गंमत अशी, की खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांत कळलेलं असतं. सगळी मजा तो कसा सापडतो यात. जाता जाता दारातून परत वळून तो आणखी एक किरकोळ प्रश्न विचारतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. आपली केस वरवर कोलंबोसाठीच बनली आहे, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत आहे. अडचण एवढीच, की कोलंबोच्या प्रेक्षकाने खून डोळ्यांनी पाहिलेला असतो. आपण काय पाहिलंय? आपण फक्त एक म्हण ऐकली आहे.

पाचवा ब्योमकेश बक्षी. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या बंगाली कथा बासु चटर्जींनी १९९३ मध्ये दूरदर्शनवर आणल्या आणि रजित कपूर ब्योमकेश झाला. धोतर, चष्मा, सोबत मित्र अजित. मारामारी नाही, पाठलाग नाही. आणि त्याला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, सत्य शोधणारा. हा फरक तेव्हा आम्हाला शब्दांचा खेळ वाटायचा.

ज्याने खरोखर तपास केला

टपरीवरच्या खेळात एक गोष्ट कुणी लक्षात घेतली नव्हती. या केसचा तपास झालेला आहे. तो करणारा माणूस कुठल्याही मालिकेतला नव्हता.

रामशास्त्री प्रभुणे १७५९ पासून पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश होते. खुनानंतर त्यांनी स्वतः चौकशी सुरू केली. कल्पना करा, नवा पेशवा गादीवर आहे, नेमणुका तो करतोय, पगार तो देतोय आणि न्यायाधीश त्याच्याच घरातल्या खुनाची माहिती गोळा करतोय. काही आठवडे हे काम चाललं. गो. स. सरदेसाईंनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे सुमारे पन्नास माणसं या कटात दोषी ठरली. त्यांत तलवार चालवणारे गारदी थोडे होते. बाकीचे निरोप पोचवणारे, पैशांची सोय करणारे, माहीत असून गप्प बसणारे. मालिकेच्या शेवटी एक चेहरा पकडला जातो. खऱ्या तपासात अख्खी यादी निघते.

त्या यादीच्या डोक्याशी राघोबा होते. रामशास्त्र्यांनी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं. या पापाला प्रायश्चित्त काय, असं राघोबांनी विचारलं तेव्हा शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं. म्हणजे मृत्यू. आणि तुम्ही गादीवर असेपर्यंत मी पुण्यात राहणार नाही, असं म्हणून ते निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

१९४४ साली प्रभातने ‘रामशास्त्री’ हा सिनेमा काढला. गजानन जागीरदारांनी केलेली ती भूमिका आजही बघण्यासारखी आहे. त्याआधी १९०९ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नाटक रंगभूमीवर आलं, तेही याच प्रसंगावर. आपल्याकडे शेरलॉक नाही म्हणून आपण हळहळतो. पण आपल्याकडे एक तपास अधिकारी होता, त्याने केस सोडवली आणि आरोपपत्र थेट राज्याच्या प्रमुखावर ठेवलं. टीव्हीवरच्या कुठल्या डिटेक्टिव्हवर ही वेळ आली आहे? त्यांचं काम नाव सांगितलं की संपतं. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. नाव सांगितलं, आता पुढे काय?

पुढे असं झालं. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत असे कारभारी एकत्र आले, त्यालाच बारभाईंचं कारस्थान म्हणतात. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. राघोबांची गादी गेली. मदतीसाठी ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतचा तह झाला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. महंमद यूसुफ, खरकसिंग, तुळाजी पवार यांना पुढे पकडून ठार मारलं गेलं. खरकसिंग आणि तुळाजी तर थेट हैदर अलीच्या आश्रयाला पोचले होते, तिथून त्यांना मिळवावं लागलं. एका दुपारच्या खुनाने कंपनी सरकारला मराठ्यांच्या अंगणात आणलं.

रामशास्त्री परत आले, पुन्हा न्यायासनावर बसले आणि १७८९ मध्ये वारले.

मग तो कागद?

आता मूळ मुद्दा. या सगळ्यात ‘ध चा मा’ कुठे आहे?

ही गोष्ट ठळकपणे छापून आली ती जेम्स ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात. हा स्कॉटिश अधिकारी पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला नेमला गेला होता. त्याने तिथे कागद जमवले, जुन्या माणसांशी बोलला आणि १८२६ मध्ये तीन खंड छापले. खुनानंतर ५३ वर्षांनी.

तो काय सांगतो ते नीट बघू. राघोबांनी रामशास्त्र्यांपाशी एवढंच कबूल केलं, की नारायणरावांना धरण्याचा हुकूम मी दिला होता, मारण्याचा नाही. रामशास्त्र्यांनी मग सुमेरसिंगाला दिलेला मूळ कागद मिळवला. त्यात ‘धरावे’ या शब्दाचं ‘मारावे’ झालेलं दिसलं. आणि हा बदल आनंदीबाईंनी केला, असा सर्वसाधारण समज आहे.

तीन वाक्यं, तीन कड्या. डिटेक्टिव्हसारखी एकेक कडी हातात घेऊन ओढून बघू.

पहिली कडी, ‘मी फक्त धरायला सांगितलं होतं.’ हे कुणी म्हटलं? खुद्द आरोपीने. गुन्हा तर झाला, तो नाकारता येत नाही, म्हणून छोटा गुन्हा कबूल करायचा आणि मोठा झटकायचा. ही युक्ती आजही रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टात ऐकू येते.

दुसरी कडी, कागद. तो आज आपल्यासमोर नाही. समजा, होता. तेव्हाचा व्यवहार मोडी लिपीत चाले. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं सलग, घाईने, एकमेकांना बिलगून लिहिली जात. ‘धरावे’चं ‘मारावे’ करायचं तर नुसतं ध चं वळण बदलून भागत नाही, पुढे एक काना घुसवावा लागतो. र ला चिकटून बसलेल्या अक्षराजवळ ती जागा करायची आणि तीही घेणाऱ्याला संशय येणार नाही अशी. अशक्य नाही, पण म्हणीत वाटतं तितकं सोपंही नाही. शिवाय कैदेत असलेला, पहाऱ्यात राहणारा माणूस असा हुकूम शब्दाने न देता कागदावर का देईल, हा प्रश्न आहेच. गारद्यांनी हमी म्हणून लेखी मागितलं असेल, हे पटण्यासारखं आहे. पण मग त्यांना त्या कागदात काय वाचायचं होतं, तेही आधी ठरलेलं असणार. नुसतं धरायला आलेली माणसं अर्ध्या तासात अकरा मुडदे पाडत नाहीत.

तिसरी कडी, आनंदीबाई. इथे कागदसुद्धा नाही. इथे आहे समज. लोक म्हणतात. नंतरच्या इतिहासकारांनी या भागावर शंका घेतली ती यामुळेच. हस्ताक्षर जुळवलेलं नाही, साक्षीदार नाही, कबुली नाही.

आणि आता करमचंदचा जपून ठेवलेला प्रश्न काढू. ही गोष्ट खरी मानली तर फायदा कुणाचा?

आनंदीबाईंचा नाही. फायदा फक्त राघोबांचा. ‘ध’ त्यांचा, ‘मा’ बायकोचा. म्हणजे अटकेपार गेलेले दादासाहेब थोडे हावरे, थोडे बायकोच्या मुठीतले, पण पुतण्याचे खुनी नव्हेत. एका अक्षराने सगळं पाप दालनाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकतं. आपल्या भाषेचा हिशेब बघा. नवऱ्याच्या नावाने आपल्याला म्हण मिळाली ‘अटकेपार झेंडे लावणं’. बायकोच्या नावाने मिळाली ‘ध चा मा करणं’. घर एकच, वाटणी अशी.

कोलंबो असता तर दारातून वळून त्याने एवढंच विचारलं असतं. तो कागद रामशास्त्र्यांनी खरंच पाहिला असेल आणि त्यात बाईची करामत स्पष्ट दिसली असेल, तर त्यांनी देहांत प्रायश्चित्त कुणाला सांगितलं?

राघोबांना. ज्याने पुरावा पाहिला, असं हीच गोष्ट सांगते, त्याने ‘मी फक्त धरायला सांगितलं’ हा बचाव मान्य केला नाही. न्यायाधीशाने जो बचाव फेटाळला, तो आपण अडीचशे वर्षं शाळेत निकाल म्हणून शिकवतोय.

रस्त्याची दोन टोकं

अशोक स्तंभावरून गंगापूर रोडने निघालात, की केटीएचएम कॉलेज, जेहान सर्कल मागे टाकत रिक्षाने थोड्या वेळात आनंदवली येते. नवश्या गणपतीला अंगारकीला रांग लागते तेच हे गाव. राघोबांनी इथे वाडा बांधला होता आणि गावाला बायकोच्या नावावरून आनंदवली नाव दिलं, असं सांगतात. नवश्या गणपतीही याच जोडप्याच्या मुलासाठीच्या नवसाचा, अशी गावातली समजूत. माधवरावांशी पटेनासं झालं की राघोबा रुसून इथे येऊन बसत.

त्याच रस्त्याने पुढे सोमेश्वर ओलांडून गेलात की गंगापूर. आज आपल्याला गंगापूर म्हटलं की धरण आठवतं. पण पेशवाईत या गावात गोपिकाबाई राहत होत्या. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, माधवराव आणि नारायणरावांच्या आई. माधवरावांशी मतभेद झाल्यावर त्या पुणं सोडून इकडे आल्या. पेशवेपद मिळाल्यावर १७७३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत नारायणराव आईला भेटायला इथे आले होते. काही महिन्यांनी आईला बातमी मिळाली ती खुनाची. पानिपतावर विश्वासराव गेले, मग नवरा, मग माधवराव आणि आता शेवटचा मुलगा, तोही घरच्याच माणसांच्या हातून. १७८८ मध्ये त्या गेल्या.

आनंदीबाईंचाही शेवट याच रस्त्यावर झाला. नवऱ्याबरोबर त्या धारपर्यंत गेल्या. १७७५ च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात त्यांना मुलगा झाला, तो पुढचा दुसरा बाजीराव. १७८३ मध्ये राघोबा कोपरगावला वारले. त्यानंतर बाई आणि मुलं नाना फडणवीसांच्या नजरेखाली, आधी कोपरगावला आणि मग आनंदवलीला. १७९४ मध्ये आनंदीबाई आनंदवलीतच मरण पावल्या.

म्हणजे मयताची आई आणि म्हणीतली आरोपी, दोघींची घरं एकाच रस्त्यावर, एकाच गोदावरीच्या काठी, काही किलोमीटरच्या अंतराने. एकीचं नाव गावाला आहे आणि बदनामीलाही. दुसरीचं नाव कशालाच नाही. मी या रस्त्याने कॉलेजला पाच वर्षं गेलो. बस आनंदवलीला थांबली की कुणीतरी हमखास ‘ध चा मा’चा विनोद मारायचं. मीही मारलाय. गोपिकाबाई इथे राहत होत्या, हे मला कॉलेज संपल्यावर एका पुस्तकात सापडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आनंदीबाई भोळ्या होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं, असं मला म्हणायचं नाही. त्या हुशार होत्या, राजकारण समजणाऱ्या होत्या आणि नवऱ्याला पेशवाई मिळावी असं त्यांना वाटत असणारच. कट त्यांना ठाऊक असेल, त्यांनी बळ दिलं असेल, शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ आणि ‘सिद्ध झालं’ यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढ्यासाठीच डिटेक्टिव्ह लागतो. नाहीतर टपरी पुरे आहे.

माझं मत

तर माझं मत कुणाला?

खुनाच्या तपासाला कुणालाच नाही. ती केस रामशास्त्र्यांनी सोडवली आणि त्याची किंमत नोकरी सोडून चुकवली. त्यांच्यावर वरचढ ठरेल असा कुणी टीव्हीवर मला दिसत नाही.

पण या फाइलमध्ये दुसरा एक गुन्हा दडलेला आहे आणि त्याचा तपास झालेला नाही. पन्नास माणसांच्या कटातलं सगळं वजन एका अक्षरावर आणि एका बाईवर कुणी ठेवलं? कधी ठेवलं? राघोबांना पुढे गादी मिळवून देऊ पाहणाऱ्या लोकांनी? कंपनीने, जिने त्यांच्याच बाजूने युद्ध केलं? की तुमच्या-माझ्यासारख्या श्रोत्यांनी, ज्यांना पन्नास नावं लक्षात ठेवण्यापेक्षा एक वाईट बाई सोपी वाटली? मला शेवटच्यावर जास्त संशय आहे. कारण आज फोनवर एखाद्या खुनाची बातमी येते, तेव्हा दहा मिनिटांत ग्रुपवर निकाल लागलेला असतो. त्यात बायको, मैत्रीण किंवा सून असली तर पाच मिनिटांतच. फॉरवर्ड करताना आपणही एखादा काना घुसवतो आणि पुढे ढकलतो.

या दुसऱ्या गुन्ह्यासाठी मी ब्योमकेशला बोलवेन. गुन्हेगार पकडायला नाही, अडीचशे वर्षांनी कुणाला पकडणार? त्याला सत्याशी मतलब आहे, एवढ्यासाठी. त्या कागदाबद्दल आपण जे बोलतो त्यातलं पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, एवढं तो वेगळं करून ठेवेल. मग खुर्चीत मागे रेलून बसेल आणि आपल्याकडे बघेल.

टपरीवर मी हे सगळं सांगितलं तेव्हा एसीपीवाल्या मित्राने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे आता ‘ध चा मा’ म्हणायचं नाही का?”

म्हणा की. म्हण काही आता भाषेतून निघत नाही. फक्त तिचा अर्थ शब्दकोशात काय दिलाय ते बघा. ध चा मा करणे, म्हणजे मूळ गोष्टीत फेरफार करून भलताच अर्थ काढणे. आनंदीबाईंचं तसंच झालं असेल, तर ही म्हण त्यांनी केलेल्या गोष्टीची नाही. त्यांच्या बाबतीत जे केलं गेलं, त्याची आहे.